समुद्रतळाची साडेसहाशे वर्षांची फिर्याद

इंग्लंडच्या पार्लमेंटच्या जुन्या दप्तरात इ.स. १३७६ सालचा एक अर्ज आहे. राजा तिसरा एडवर्ड तेव्हा थकला होता आणि दरबारातील लाचखोरीवरून पार्लमेंट खवळलेले होते. त्याला ‘गुड पार्लमेंट’ असे नाव पडले. राज्यकारभाराच्या त्या मोठ्या भानगडींच्या गर्दीत टेम्स नदीच्या मुखाच्या बाजूने आलेली किनाऱ्यावरच्या लोकांची एक तक्रार नोंदली गेली. तक्रार एका जाळ्याविरुद्ध होती. त्या जाळ्याचे नाव ‘वाँडरचून’.

अर्जदारांचे म्हणणे थोडक्यात असे. गेल्या सात वर्षांत काही मच्छीमारांनी एक नवे साधन काढले आहे. कालवे खरवडण्याच्या लोखंडी चौकटीसारखेच ते आहे, पण खूप लांब. त्याला इतक्या बारीक आसाचे जाळे लावतात की लहानातला लहान मासाही सुटत नाही. त्याचे जड लोखंड तळावरून घासत जाते तेव्हा पाण्याखालच्या जमिनीवरची वनस्पती नष्ट होते, कालवांची आणि शिंपल्यांची पिल्ले चिरडतात. ज्यावर मोठे मासे जगतात तेच संपते. शिवाय पकडलेल्या बारक्या मासळीचे काय करायचे हे न कळल्यामुळे ती डुकरांना घालतात. सबब या जाळ्यावर बंदी घालावी.

सागरी जीवशास्त्र हा शब्द जन्माला येण्यापूर्वी पाचशे वर्षे लिहिलेला हा अर्ज मला विलक्षण वाटतो. आपली मासळी कोणी दुसराच नेतो, एवढीच तक्रार त्यात असती तर ती नेहमीच्या भांडणात जमा झाली असती. अर्जदार त्यापुढे जातात. मासा तळावर अवलंबून आहे, तळ मोडला की मासाही जाईल, असे ते सांगतात. राजाने काय केले? जाणकार माणसांकडून चौकशी करावी, असा शेरा मारला.

ती चौकशी एका अर्थाने आजही चालू आहे. किनाऱ्याजवळची मासेमारी कशी आणि कोठे करू द्यावी, समुद्राचा तळ कसा राखावा, हा प्रश्न ब्रिटनने सहा शतके कसा हाताळला हे पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे गोव्यात आणि मालवणात हाच प्रश्न गेली पन्नास वर्षे धुमसतो आहे, म्हणून तर अधिकच.

पुरावा कोणी द्यायचा?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वाँडरचूनचा वंशज इंग्लंडच्या किनाऱ्यावर चांगलाच फोफावला होता. लाकडी दांड्याने तोंड उघडे ठेवलेले, तळावरून ओढले जाणारे हे जाळे म्हणजे बीम ट्रॉल. रेल्वे आली, बर्फ आला, ताजी मासळी लंडनपर्यंत पोचू लागली आणि ट्रॉलरांची संख्या वाढली. गळ टाकणारे आणि उभी जाळी लावणारे किनाऱ्यावरचे मच्छीमार ओरडू लागले. ट्रॉल आमची बांधलेली जाळी तोडतो, लहान मासळी मारतो, तळ उजाड करतो, असे त्यांचे गाऱ्हाणे होते.

१८६३ साली सरकारने एक रॉयल कमिशन नेमले. सभासद तिघे: जेम्स केअर्ड, जॉर्ज शॉ-लफेव्हर आणि थॉमस हेन्री हक्स्ली. डार्विनची बाजू हिरिरीने मांडणारा हाच तो हक्स्ली. कमिशन बंदराबंदरांतून हिंडले आणि साक्षीदारांना त्याने साठ हजारांहून अधिक प्रश्न विचारले. १८६६ साली अहवाल आला. मासळी घटल्याचा पुरावा नाही, सबब खुल्या समुद्रातील मासेमारीवर निर्बंध घालणारे कायदे रद्द करावेत, अशी त्याची शिफारस होती. दोन वर्षांनी, १८६८ च्या कायद्याने, जुन्या निर्बंधांची मोठी जंत्री खरोखरच पुसून टाकली.

हक्स्लीला आज नावे ठेवणे सोपे आहे. त्याच्यापुढे अडचण खरी होती. कोणत्या बंदरात किती मासळी उतरते याचे भरवशाचे आकडे त्या काळी कोणी ठेवतच नव्हते. समोर होत्या त्या फक्त साक्षी, आणि त्याही एकमेकींच्या विरोधातल्या. ट्रॉलरवाले म्हणत, आमचे जाळे शेतातल्या नांगरासारखे आहे, त्याने तळ उलट सुपीक होतो. गळवाले म्हणत, त्याने तळ मरतो. मुक्त व्यापाराचा तो काळ होता. बंदी मागणाऱ्याने नुकसान सिद्ध करावे, तोवर धंदा मोकळा, हे तत्त्व त्या काळाला साजेसेच होते. शिवाय मच्छीमार माशांविषयी फारसे निरीक्षण करत नाहीत, असे कमिशनने अहवालात स्पष्टच म्हटले होते. म्हणजे पुरावा ज्यांनी द्यायचा, त्यांची साक्षच मुळात हलकी ठरवली गेली.

१८८३ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय मत्स्यप्रदर्शनात हक्स्लीने ते प्रसिद्ध भाषण केले. कॉड, हेरिंग, मॅकरेल यांसारख्या मोठ्या मासेमारीचे साठे आपल्या सध्याच्या पद्धतींनी संपण्यासारखे नाहीत, असे त्याने सांगितले. ‘सध्याच्या पद्धतींनी’ हे शब्द महत्त्वाचे होते, कारण पद्धती तेव्हाच बदलत होत्या. १८८१ मध्ये ‘झोडिअॅक’ ही खास ट्रॉलिंगसाठी बांधलेली वाफेची नौका ग्रिम्झबी बंदरातून निघाली होती. वाऱ्याची आणि भरती-ओहोटीची वाट पाहणे संपले. शिडाच्या होडीला जो खडकाळ, खोल तळ टाळावा लागे, तोही हळूहळू जाळ्याखाली आला.

मासे मोजले, तळ राहिला

त्याच सुमारास दुसरे एक कमिशन बसले होते. सेंट अँड्र्यूजचे प्राध्यापक मॅकिंटॉश यांनी त्याच्यासाठी ट्रॉलरांवर जाऊन निरीक्षणे केली. यातून दोन गोष्टी निघाल्या. १८८८ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्सच्या किनाऱ्यावर स्थानिक मत्स्य-समित्या स्थापता येऊ लागल्या, आणि स्कॉटलंडमध्ये १८८९ साली किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत ट्रॉलिंगला सर्वसाधारण बंदी आली. ‘गारलँड’ नावाच्या सरकारी नौकेने काही बंद आणि काही खुल्या क्षेत्रांत जाळे टाकून तुलना सुरू केली. सागरी संरक्षित क्षेत्राचा हा एक आरंभीचा प्रयोग म्हणता येईल.

पण ‘गारलँड’ मोजत होती मासे. मासा आज या खाडीत तर उद्या त्या खाडीत. आकडे वर-खाली होत राहिले आणि प्रत्येकाने त्यातून हवा तो अर्थ काढला. बंदीमुळे काही फरक पडलेला नाही, समुद्राची संपत्ती अबाधित आहे, असे मॅकिंटॉश यांनी १८९९ च्या आपल्या पुस्तकात म्हटले. पुढच्याच वर्षी वॉल्टर गार्स्टँग या तरुण शास्त्रज्ञाने त्याला आकड्यांनी उत्तर दिले. एकूण मासळी वाढलेली दिसते ती नौका वाढल्या आणि त्यांची ताकद वाढली म्हणून. ताकदीच्या हिशेबाने पाहिले तर दहा वर्षांत पकड जवळजवळ निम्म्यावर आली आहे, असे त्याने दाखवले. २०१० मध्ये रूथ थर्स्टन आणि कॅलम रॉबर्ट्स यांनी आपल्या सहकाऱ्यासह हाच हिशेब १८८९ पासून ११८ वर्षांसाठी मांडला. तळाशी राहणाऱ्या माशांची, मासेमारीच्या दर एकक ताकदीमागची पकड ९४ टक्क्यांनी घसरली होती.

म्हणजे आकडे अखेर आले. तरीही या साऱ्या वादात तळाला कोणी साक्षीला बोलावले नव्हते. याचे कारण उघड आहे: तळ दिसत नव्हता. जंगल तुटले तर वाटसरूलाही कळते. पाण्याखालचे रान तुटले तर वर लाटा पूर्वीसारख्याच दिसतात.

तो दिसू लागला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, पाणबुड्याच्या पाठीवर हवेची टाकी आल्यानंतर. स्कॉटलंडच्या अॅरन बेटावरच्या हावर्ड वुड आणि डॉन मॅकनीश या दोन पाणबुड्यांची गोष्ट या संदर्भात सांगण्याजोगी आहे. त्यांच्या आजूबाजूचा समुद्र म्हणजे क्लाइडचे आखात. तेथली ट्रॉलिंगबंदी १९६२ पासून टप्प्याटप्प्याने सैल होत गेली आणि १९८४ च्या कायद्याने तीन मैलांची जुनी सर्वसाधारण बंदीही उठली. त्यानंतर कॉडसारख्या माशांची मासेमारी कोसळली. उरली ती मुख्यतः चिखलातली झिंग्यासारखी कोळंबी आणि स्कॅलप हे पंख्याच्या आकाराचे शिंपले. या शिंपल्यांसाठी दातेरी लोखंडी चौकटी तळावरून ओढतात, आणि त्या तळावर ‘मर्ल’ नावाचे चुनखडीसारखे कडक, गुलाबी शैवाल वाढते. ते वर्षाला साधारण एक मिलिमीटर वाढते. हाताच्या पंजाएवढा थर व्हायला एक शतक लागते. चौकट एकदा फिरली की तो काही मिनिटांत भुगा होतो. या दोघांनी १९९५ मध्ये बेटावर संघटना उभी केली. तेरा वर्षांच्या खटपटीनंतर, २००८ साली, लॅमलॅश उपसागराचा जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा मासेमारीला पूर्ण बंद झाला.

रेघ कोठे ओढायची?

त्याच वर्षी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डेव्हन आणि डॉर्सेट परगण्यांच्या कुशीतल्या लाइम उपसागरात, वेगळ्या धर्तीचा निर्णय झाला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातले खरे वळण तेच.

लाइम उपसागराच्या खडकांवर गुलाबी समुद्रपंखे वाढतात. हे पोवळ्यांच्या जातकुळीतले प्राणी. त्यांची वाढही फार संथ, वर्षाला सेंटिमीटरभर. स्कॅलपच्या चौकटींनी ते उखडले जातात हे पाणबुड्यांनी पाहिले. आधी काही खडकांभोवती स्वेच्छेने दूर राहण्याचे करार झाले. ते पुरले नाहीत. अखेर जुलै २००८ मध्ये सरकारने सुमारे २०६ चौरस किलोमीटर क्षेत्रात तळावरून ओढल्या जाणाऱ्या सगळ्या साधनांना कायद्याने मनाई केली.

ही मनाई साधनांना होती. मासेमारीला नव्हती, हे नीट ध्यानात घ्यायला हवे. खेकडे आणि शेवंडांचे पिंजरे, उभी जाळी, गळ, बुडी मारून हाताने शिंपले काढणे हे सगळे चालू राहिले. रेघ माणसांना हाकलण्यासाठी ओढली नव्हती. कोणत्या अवजाराने कोणत्या जमिनीवर काम करावे, हे ठरवण्यासाठी ती होती.

पुढे काय झाले याची नोंद प्लिमथ विद्यापीठाने दरवर्षी तळाच्या किंचित वरून कॅमेरा ओढत नेऊन ठेवली. समुद्रपंखे, स्कॅलप आणि खडकावर चिकटून जगणारे इतर प्राणी वाढू लागले. आणखी एक अनपेक्षित गोष्ट दिसली. नकाशावर जेथे खडक नाही, नुसती खडी-वाळू आहे असे दाखवले होते, तेथेही हे प्राणी उगवले. त्या वाळूच्या पातळ थराखाली खडक होता. चौकटींच्या सततच्या फिरण्यामुळे त्यावर काही टिकतच नव्हते. म्हणजे आपण ज्याला ‘मूळचा तळ’ समजत होतो तो मुळात मोडलेला तळ होता. नुसते खडक वाचवून दोन खडकांमधली जमीन मोकळी सोडली असती, तर ही गोष्ट कधीच कळली नसती.

या सुखकथेला खोटही आहे. चौकटी ओढणाऱ्यांचा धंदा तेथून उठला आणि त्यांना दुसरा समुद्र शोधावा लागला. मोकळ्या झालेल्या जागेत पिंजरेवाल्यांनी अधिक पिंजरे टाकले. पिंजऱ्यांची दाटी एका मर्यादेपलीकडे गेली की तेही तळाला इजा करतात, हे पुढे प्रयोगाने दिसले. २०१३-१४ च्या हिवाळी वादळांनी पुष्कळ काही पुन्हा उखडले. बिअर, लाइम रेजिस, वेस्ट बे या छोट्या बंदरांतल्या मच्छीमारांनी संस्थांबरोबर बसून पिंजऱ्यांच्या आणि जाळ्यांच्या संख्येवर आपणहून मर्यादा घालून घेतल्या, तेव्हा कुठे घडी बसू लागली. कायद्याची रेघ आणि लोकांचा करार, दोन्ही लागले.

याच सुमारास व्यवस्थाही बदलली. १८८८ च्या कायद्यातून निघालेल्या मत्स्य-समित्यांच्या जागी एप्रिल २०११ पासून किनारी मासेमारी व संवर्धन प्राधिकरणे आली. ती दहा असून त्यांची हद्द सहा सागरी मैलांपर्यंत आहे. नगरपालिका-परगण्यांचे प्रतिनिधी, मच्छीमार, निसर्गप्रेमी आणि सरकारी खाती एकाच टेबलाशी बसतात व उपविधी करतात. पर्यावरण संस्थांनी कायदेशीर दडपण आणल्यावर २०१२ मध्ये सरकारने एक तक्ता तयार केला. त्याच्या एका बाजूला मासेमारीची साधने आणि दुसऱ्या बाजूला तळाचे प्रकार: खडक, सागरी गवत, मर्ल, वाळू, चिखल. प्रत्येक जोडीला एक रंग. खडकावर ओढजाळे म्हणजे लाल, तेथे चर्चा नाही, बंदी. काही जोड्यांना आधी तपासणी, काहींना मोकळीक. तपासणीतही प्रश्न उलटा झाला. नुकसान सिद्ध झाल्यावर बंदी हा जुना नियम गेला. संरक्षित क्षेत्राला बाधा येत नाही अशी खात्री पटली तरच परवानगी, हा नवा आला. हक्स्लीच्या कमिशनने मच्छीमारांच्या खांद्यावर ठेवलेले पुराव्याचे ओझे दीडशे वर्षांनी दुसऱ्या खांद्यावर गेले.

ससेक्सच्या किनाऱ्यावर मात्र हे वळण उशिरा आले. तेथे केल्प या उंच शैवालाची पाण्याखालची जंगले होती. १९८७ च्या ऑक्टोबरातील भीषण वादळाने ती उपटली, आणि नंतर किनाऱ्यालगत फिरणाऱ्या ट्रॉलरांनी व पाण्यात मिसळणाऱ्या गाळाने ती पुन्हा उगवू दिली नाहीत. ९६ टक्के केल्प नाहीसे झाले होते. मार्च २०२१ मध्ये ३०४ चौरस किलोमीटर क्षेत्रात ट्रॉलिंग बंद झाले. काळे शिंपले परत दिसू लागले आहेत. केल्प मात्र अतिशय सावकाश येते आहे. मोडायला लागतो त्याच्या कित्येक पटींनी वेळ जोडायला लागतो, हा तळाचा नियम आहे.

आपल्या वावांचा हिशेब

हे सगळे वाचताना कोकणातल्या वाचकाला रापण आठवल्याखेरीज राहणार नाही. आपल्याकडे ट्रॉलर आले ते स्वातंत्र्यानंतर, सरकारी उत्तेजनाने. कोळंबीला परदेशी भाव मिळू लागला आणि सत्तरच्या दशकात गोव्याचे रांपणकार रस्त्यावर उतरले. मातान्ही साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या लढ्याचा आणि केंद्राने १९७६ मध्ये नेमलेल्या मजुमदार समितीचा परिणाम म्हणून किनारी राज्यांनी मासेमारी नियमनाचे कायदे केले. गोवा आणि केरळने १९८० साली, महाराष्ट्राने १९८१ साली. किनाऱ्यालगतचा पट्टा छोट्या मच्छीमारांसाठी राखावा, हे या कायद्यांचे सार आहे.

पण हा पट्टा आपण किलोमीटरांत आणि वावांत मोजला. पाण्याची खोली किती हे कायदा विचारतो. खाली खडक आहे की चिखल, पोवळी आहेत की वाळू, हे विचारत नाही.

दुसरीकडे १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचे २९ चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक क्षेत्र त्यात आहे. पोवळी, शैवाल आणि खडकाळ तळ यांनी समृद्ध असा हा समुद्र राखायलाच हवा होता. पण जो कायदा लावला तो जंगलासाठी घडवलेला, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. सागरी अभयारण्याची हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचे हित जपण्याची पुरेशी तजवीज करावी, असे कलम त्यात आले ते १९९१ च्या दुरुस्तीने, म्हणजे मालवणच्या घोषणेनंतर चार वर्षांनी. हा क्रम बोलका आहे. आपली वहिवाट जाईल या भीतीने मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला आणि तो वर्षानुवर्षे टिकला. ट्रॉलरांविरुद्ध लढणारे आणि अभयारण्याविरुद्ध उभे राहणारे लोक बव्हंशी एकच होते. बाहेरच्याला ही विसंगती वाटते. माझ्या मते ती विसंगती नाही. तळ राखावा हे त्यांना मान्यच होते. आपल्याला वगळून राखावा हे मान्य नव्हते.

एका बाजूला खोली मोजणारा, पण तळ न पाहणारा मासेमारी कायदा. दुसऱ्या बाजूला तळासाठी आखलेला, पण रापण आणि ट्रॉल यांत फरक करणे ज्याच्या प्रकृतीत नाही असा वन्यजीव कायदा. या दोहोंच्या मधली जागा रिकामी आहे. इंग्लंडच्या त्या रंगीत तक्त्याने भरली ती नेमकी हीच जागा.

रापणीचेच उदाहरण घ्या. तीही तळाला लागून ओढली जाते, तिच्यातही बारकी मासळी येते. तिला निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. पण ती पडते वाळूच्या पुळणीवर, लाटांनी रोजच हलणाऱ्या तळावर, आणि ओढतात ती माणसांच्या हातांनी. खडकावर ती टाकताच येत नाही, फाटेल. इंजिनाच्या ताकदीने ओढला जाणारा ट्रॉल ही वेगळी गोष्ट आहे. कॉर्नवॉलमध्ये फालच्या खाडीत कालवे आजही फक्त शिडाने आणि वल्ह्याने चालणाऱ्या होड्यांतूनच खरवडता येतात, तेथे इंजिनाला मनाई आहे. ती होडी दिवसभरात जितके ओढू शकते तितकेच ओढते. साधनाची मर्यादा हीच तळाची राखण होते.

सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या सहकार्याने झालेल्या प्रकल्पात ट्रॉलच्या शेपटाकडच्या भागाला चौकोनी आसाचे जाळे लावण्याचा प्रयोग झाला, म्हणजे पिल्लांना निसटायला वाट राहते. मच्छीमारांनी तो स्वीकारला ही आशेची बाब आहे. पण तो उपाय माशांपुरता. जाळ्याखालच्या खडकाला आस चौकोनी की तिरपा याने काही फरक पडत नाही. मालवणच्या समुद्राला हवा आहे तो मच्छीमारांच्या शेजारी बसून केलेला तळाचा नकाशा. कोणत्या खडपावर काय टाकायचे, काय नाही, हे ज्यांच्या आज्यापणज्यांनी खडपांना नावे दिली त्यांच्याकडून आधी समजून घ्यायला हवे, आणि मग ठरवायला हवे. कॅमेरा हवाच, पण तो कोठे सोडायचा हे नावाडीच सांगू शकतो.

टेम्सच्या मुखावरच्या त्या अर्जदारांनी १३७६ साली जे सांगितले, ते खरे होते. ते खरे आहे हे सरकारदरबारी मान्य व्हायला सहाशे वर्षे लागली, कारण सांगणारे शास्त्रज्ञ नव्हते, आणि जे शास्त्रज्ञ होते त्यांना तळ दिसत नव्हता. आपल्यापाशी आज तळ पाहण्याची साधने आहेत आणि तळ ओळखणारी माणसेही अजून आहेत. पण गळ आणि रापण सोडून मुले मुंबई-गोव्याला नोकरीला जात आहेत. खडपांची नावे ज्यांना येतात ती पिढी थकत चालली आहे. ती गेल्यावर आपण तक्ता करायला बसलो, तर विचारणार कोणाला?